अळणी तंबोरा

"या तंबोऱ्याचा आवाज अळणी झालाय," भिवगडचे राजे अमृतराव कडाडले. "शिळ्या भाकरीसारखा कोरडा! ना फोडणी, ना स्निग्धपणा. दस्तगीर, तू वाटोळं केलंस याचं."

म्हातारा दस्तगीर राजवाड्यातली वाद्यं सांभाळायचा. त्याने तारा छेडल्या. आवाज लख्ख होता! "सरकार, तारांखालची जवारी जरा घासून बघू?"

"खबरदार! थोरल्या महाराजांचा तंबोरा आहे. त्याला बोट लावायचं नाही. आवाज मात्र सुधारला पाहिजे. नाहीतर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालता हो."

हात न लावता आवाज सुधारायचा कसा? पण राजहट्टापुढे बोलणार कोण? काल ज्यांना तो आवाज गोड वाटत होता, त्या दरबाऱ्यांनाही आता तो अळणी लागू लागला.

दस्तगीरची लेक जैतून बापामागे उभी होती. राजांचा शब्द न् शब्द तिने कान देऊन ऐकला. तिला हसू आलं, ते तिने पदराआड दाबलं.

"सरकार, आवाज सुधारेल," ती म्हणाली. "फक्त चातुर्मास संपू दे. कार्तिकी द्वादशीला जेवणं आटोपली की ऐका. तोवर तंबोरा राणीसाहेबांकडे कुलपात राहू दे."

"पोरी, काय बोलून बसलीस!" घरी येताच दस्तगीरने कपाळावर हात मारला. "सामान बांधायला घेऊ?"

"नको अब्बा. उगाच परत सोडावं लागेल."

द्वादशीला राजे भरपेट जेवले, विडा चघळत बैठकीत आले. राणीसाहेबांनी कुलूप काढलं. राजांनी स्वतःच सूर लावला, तारा छेडल्या आणि डोळे मिटले.

"वा! काय खमंग आवाज! अगदी तुपात न्हालेला! दस्तगीर, केलंस तरी काय?"

जैतून पुढे झाली. "काहीच नाही, सरकार. तंबोरा कुलपातून हललाच नाही. बदललं ते सरकारांचं ताट. चातुर्मासात सरकारांनी मीठ आणि तूप सोडलं होतं. त्या दिवशी सरकार एवढं रागावले, पण त्यात गाण्यातला शब्द एक नाही, सगळे मुदपाकखान्यातले!"

दस्तगीरला तर डोळ्यांपुढे राज्याबाहेरची वाट दिसू लागली. राजांनी एकदा तंबोऱ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या पोटाकडे, आणि ते गदगदून हसू लागले. हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून जैतूनला दिलं.

"दस्तगीर इथेच राहील. आणि पोरी, तू आणखी काय हवं ते माग."

"पुढच्या चातुर्मासात सरकारांनी मीठ-तूप नको, कारली सोडावीत!"

"सोडली!" राजे म्हणाले, आणि त्यांना पुन्हा असं हसू फुटलं की विड्याचा ठसकाच लागला.