टिमकीची झोप आणि पोंऽऽऽ करणारी गाडी

एक होती टिमकी. टिमकी म्हणजे उंदराचं पिल्लू. एवढंस्सं! तुझ्या अंगठ्याएवढं.

टिमकी राहायची एका जुन्या निळ्या गाडीत. गाडी होती कुमुदमावशीची. घराजवळच्या शेडमध्ये उभी. सीटखाली टिमकीची गादी. कापसाची. मऊ मऊ.

दिवेलागण झाली. टिमकी झोपली. तेवढ्यात...

पोंऽऽऽ!

टिमकी दचकली. झोप पळाली. भुर्र!

गाडीत कोण? कोणीच नाही.
मग हॉर्न वाजवतं कोण?

शेडमध्ये काळोख. गाडीखाली तर आणखी काळोख.

पोंऽऽऽ!

"माझी झोप मला परत हवी!" टिमकी म्हणाली. भीती वाटत होती हं तिला. खूप! तरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गाडीच्या नाकात बसला होता हॉर्न.

"हॉर्नदादा, थांब ना. मला झोप येईना!"

"मी नाही जा! वायर मला ढकलते. आधी तिला थांबव."

टिमकी गेली वायरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वायरताई, थांब ना. हॉर्न थांबेना, मला झोप येईना!"

"मी नाही जा! माझा सदरा फाटलाय. तिथेच तार टोचते. आधी तिला थांबव."

बाहेर लोंबत होती तार. तारेत ओवलेल्या मिरच्या. खाली मोठ्ठं लिंबू.

"तारबाई, थांब ना. वायर थांबेना, हॉर्न थांबेना, मला झोप येईना!"

"मी नाही जा! लिंबू मला ओढतं. आधी त्याला थांबव."

लिंबू हलत होतं. इकडे... तिकडे... इकडे... तिकडे...

"लिंबूभाऊ, थांब ना. तार थांबेना, वायर थांबेना, हॉर्न थांबेना, मला झोप येईना!"

"मी नाही जा! वारा मला झोके देतो. आधी त्याला थांबव."

वारा दिसेना. नुसता आवाज. सूंऽऽ... सूंऽऽ...

"वारोबा, कुठे आहेस? थांब ना. लिंबू थांबेना, तार थांबेना, वायर थांबेना, हॉर्न थांबेना, मला झोप येईना!"

"मी नाही जाऽऽ! शेडचं दार सताड उघडंऽऽ. आधी मावशीला दार लावायला सांगऽऽ."

कुमुदमावशी घराच्या पायरीवर बसली होती. कानात बोटं घालून.

"मावशी, मावशी, दार लाव ना. वारा थांबेना, लिंबू थांबेना, तार थांबेना, वायर थांबेना, हॉर्न थांबेना, मला झोप येईना!"

"मी नाही जा!" मावशी म्हणाली. "तिथे भूत आहे गं बाई! हॉर्न वाजवतं. लिंबू-मिरची बांधली, तरी वाजवतं. आणखी मोठं लिंबू बांधलं, तर जास्तच वाजवतं! आधी हॉर्नला थांबव."

हॉर्नला? परत हॉर्नला?

अरे देवा! सगळं गोल गोल!

टिमकीला रडू आलं. हा म्हणतो, आधी तो. तो म्हणतो, आधी ती. मग आधी कोण?

पोंऽऽऽ!

"आधी मी!" टिमकी म्हणाली.

गेली गाडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. काळोखातून. एकटी.

तार बांधली होती काळ्या दोऱ्याने. टिमकीने दोरा धरला दातात. कुरकुर, कुरकुर, कुरकुर... तट्!

दोरा तुटला. लिंबू पडलं. टप्प!

लिंबू पडलं, तार पडली. तार टोचेना, वायर ढकलेना. वायर ढकलेना, हॉर्न वाजेना.

एकदम शांत.

मावशीने कानातली बोटं काढली. आली हळूच. एक पाऊल. आणखी एक पाऊल. आत डोकावली.

गाडीत कोण? कोणीच नाही.

खाली लिंबू पडलेलं. "बघ! लिंबानेच पळवलं भूत!" मावशी म्हणाली. ऐका हिचं!

"हो गं मावशी," टिमकीने जांभई दिली. "पण पुढचं लिंबू दाराला बांध हं. गाडीला नको."

"बरं बाई," मावशी म्हणाली. आणि तिने दार लावलं. कर्रर्र... धप्प!

वारा बाहेर. टिमकी आत. गादी मऊ मऊ.

आणि पळालेली झोप? आली की! दाराच्या फटीतून आली. पाऊल न वाजवता आली. टिमकीच्या डोळ्यांवर बसली.

टिमकी झोपली. हॉर्न झोपला. श्शऽऽ... आता झोप तुझ्याकडे येतेय.