ग्रहणाचा पहारा

"एवढं सगळं पाळून पोरीला ग्रहण लागलंच कसं, बाबा?"

भिवसेन पैलवान मठाच्या ओसरीवर टेकला तोच तणतणत. आवाज असा, की सगळ्या आळीला कळावं. दोन वर्षांपूर्वी त्याची लेक जेमतेम पावणेदोन किलोची जन्मली. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. अजून तिची छाती घरघरते. आता बायको, चांगुणा, पुन्हा सहा महिन्यांची गरोदर. आणि लेकीच्या वेळी होतं तसंच येत्या गुरुवारी परत ग्रहण.

"काय काय पाळलंस?" रामगीर बाबांनी विचारलं.

झालं! पैलवानाला हेच हवं होतं.

"विळी नाही, सुई नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. खिडक्यांच्या फटींत गोधड्या कोंबल्या. एक किरण आत येईल तर शपथ! आणि मी स्वतः तिच्या उशाशी पहाऱ्याला."

"तीन तास डोळा लागला नाही?"

"छे! बिडीचं बंडल होतं की."

बाबांनी त्याच्या शेजारी बसलेल्या चांगुणाकडे पाहिलं.

"डॉक्टरीणबाई काही म्हणाल्या होत्या?"

"म्हणाल्या, घरात धूर नको. त्याच दिवशी चूल मोडली, गॅस आणला. आपल्याला सांगायचा अवकाश!"

एवढं बोलून पठ्ठ्यानं बिडी पेटवली. बाबांच्या समोर!

चांगुणानं पदर नाकाला लावला. नवऱ्याकडे बघितलंही नाही. सवयच होती.

बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"हे घे, पोरी."

"मला पदर आहे, बाबा."

"तुला आहे... आतल्याला दे."

चांगुणानं उपरणं घेतलं. काय करावं कळेना. मग हळूच ते पोटाशी धरून बसली.

भिवसेन हसायला गेला. हसू आलंच नाही. हातातली बिडी त्यानं पायरीवर चिरडली.

"म्हणजे... लेकीला मीच...?"



एवढा आडदांड गडी, पण रडला. लाज वाटली त्याला, आणि घरी ठेवून आलेल्या लेकीची माया दाटून आली.

"आता उशीर झाला का हो, बाबा?"

"अजून तीन महिने आहेत," चांगुणा म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदाच ती आपणहून बोलली होती.

भिवसेननं खिशातलं बंडल काढून बाबांच्या पायाशी ठेवलं. उठला, दोन पावलं गेला, पुन्हा वळला.

"बाबा... तलफ आली तर?"

"तिच्या पोटावर हात ठेव," बाबा म्हणाले, "आणि त्यालाच विचार... ओढू का?"