बांधाखालची ओल

एका डोंगराच्या कुशीत एक मोठं तळं होतं, आणि त्या तळ्याच्या बांधाखाली, उघड्या खडीवर, एक टिटवी राहत असे. बाळांनो, टिटवी काही झाडावर घरटं बांधत नाही. चार खडे बाजूला सारले, की झालं तिचं घर! तिच्या पहिल्या खेपेची अंडी मुंगसानं खाल्ली होती. भाद्रपद लागला तेव्हा तिनं पुन्हा चार अंडी घातली. खड्यांमध्ये ती अशी मिसळून गेली होती, की तिच्याशिवाय कुणाला दिसायचीही नाहीत. ऊन फार तापलं की ती तळ्यात पोट भिजवून यायची आणि अलगद अंड्यांवर बसायची. आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर येणार होती.

या टिटवीनं एक वसा घेतला होता. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायचं. ऐकलेलं बोलायचं नाही, नुसतं वाटलेलं तर मुळीच नाही. वसा घ्यायला सोपा असतो, पाळताना जीव मेटाकुटीला येतो. त्यातून टिटवीची जात बोलकी!

तळ्याच्या काठी एक रुंद कातळ होता. रोज संध्याकाळी सगळे पशुपक्षी तिथं जमायचे. कातळावर कुणी बोललं, की आवाज समोरच्या कड्यावर आपटून साऱ्या रानात घुमायचा. हल्ली घरातली मोठी माणसं मोबाइलच्या गटांवर वाद घालत बसतात ना, तसलाच प्रकार. ज्याला जे म्हणायचं असेल ते त्यानं म्हणावं, अशी तिथली रीत. काही जण घाणेरीच्या झुडपाआड दडून बोलायचे, म्हणजे कोण बोललं ते कळायला नको. आणि पोपटांचा एक मोठा थवा होता, त्यांचं काम ऐकलेलं पुढं पोचवायचं. पहिला पोपट म्हणायचा, "ससा लंगडतोय." दहाव्या पोपटापर्यंत बिचाऱ्या सशाचा तेरावासुद्धा होऊन गेलेला असायचा!

त्या दिवसांत कातळ नुसता तापला होता. येत्या पौर्णिमेला बांधाचा राखणदार निवडायचा होता. आताचा राखणदार होता रानडुक्कर, आणि त्याच्यासमोर उभं होतं सांबर. कुणी "आज हवा छान आहे" म्हटलं तरी लोक विचारायचे, "हे डुकराच्या बाजूनं बोललास की सांबराच्या?"

एके सकाळी टिटवीनं पाहिलं, की डुक्कर बांधाच्या पायथ्याशी मुसंडी मारून नागरमोथा उकरतंय आणि त्याच्या गाठी कचाकचा खातंय. हा नागरमोथा म्हणजे साधं गवत, पण त्याच्याच मुळांनी बांधाची माती धरून ठेवलेली. उकरलेल्या जागेखाली पळसाच्या पानाएवढी ओल आली होती. दुसऱ्या दिवशी ती सुपाएवढी झाली. तिसऱ्या दिवशी टिटवी त्या ओलीवरून चालली तर तिचा बारीकसा पाय चक्क आत रुतला. तिथून तिची अंडी होती अवघ्या वीस पावलांवर.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "बांध पाझरतोय. कातळावर सांगायला हवं."

"गप्प बस बाई," टिटवा म्हणाला. "आपण चार अंड्यांचे धनी. राखणदाराशी वैर कशाला?"

"अहो, ती चार अंडी बांधाखालीच तर आहेत!"

संध्याकाळी ती कातळावर उभी राहिली. ती म्हणाली, "बांधाच्या पायथ्याला ओल आली आहे. आणि राखणदार तिथलाच नागरमोथा उकरून खातात. दोन्ही मी पाहिलंय."

झुडपाआडून आवाज आला, "काय गं, सांबरानं काय कबूल केलंय तुला?"

दुसरा आवाज आला, "अपशकुनी बया! ही ओरडली की कुणाचं तरी वाईट होतंच."

"आधी कुणाच्या कळपातली ते सांग, मग बोल!"

टिटवीच्या कानशिलात रक्त सळसळलं. सकाळीच पोपट काहीबाही बडबडत गेले होते, ते तिच्या ओठांवर आलं. ती ओरडली, "राखणदार हे मुद्दाम करतायत! बांध फुटला की खाली चिखल होईल आणि डुकरांना लोळायला मिळेल, म्हणून!"

शब्द कड्यावर आपटले आणि रानभर घुमले. टिटवीला आपला वसा आठवला. हे तिनं पाहिलं नव्हतं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि चोचीतून पडलेला दाणा, दोन्ही परत सापडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पोपटांनी आपलं काम केलं होतं. "डुकरानं बांध फोडला!" "डुकरानं तळं पिऊन टाकलं!" दुपारी राखणदाराचा कारभारी कोल्हा टिटवीच्या दाराशी, म्हणजे त्या चार खड्यांशी, येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडात पंजाचा ठसा उमटवलेलं पळसाचं पान होतं.

"टिटवीबाई, राखणदारांनी तुमच्यावर मानहानीचा दावा लावलाय. उद्या सूर्य डोक्यावर आला की निवाडा करणाऱ्या घोरपडआजींपुढे हजर व्हायचं. दावा हरलात, तर सूर्य मावळायच्या आत तळं सोडायचं. पुन्हा या काठावर पाय ठेवायचा नाही."

"आणि माझी अंडी?"

"अंड्यांवर दावा नाही हो, ती खुशाल राहू देत," कोल्हा गोड हसला. "त्यापेक्षा असं करा ना. आज संध्याकाळी कातळावर म्हणून टाका, 'मी जे जे बोलले ते सगळं खोटं.' राखणदार मोठ्या मनाचे आहेत. दावा मागे घेतील."

टिटवा काकुळतीला आला. "म्हण बाई! एका वाक्याचा तर प्रश्न आहे. आपली पिल्लं तरी आईबापांजवळ वाढतील."

टिटवी ओलीपाशी गेली. ओल आता दाराएवढी झाली होती. तिच्या मनात आलं, सगळं खोटं म्हटलं, तर उद्या पाणी वाहताना दिसलं तरी कुणी बघायला येणार नाही. आणि सगळं खरं म्हटलं, तर तेही खोटंच ठरेल. तिनं डोळे मिटले. "देवा," ती पुटपुटली, "बोलायला तोंड दिलंस, आता त्याला चांगलं वळणही दे." त्या संध्याकाळी ती कातळावर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सारं रान कातळावर लोटलं. घोरपडआजी उन्हात पसरल्या होत्या. आजी हलत कमी, पण एकदा नियमाला चिकटल्या की सुटत नसत. कोल्ह्यानं पाढा वाचला, "हिनं म्हटलं बांध पाझरतो. हिनं म्हटलं राखणदार गवत खातात. मुद्दाम खातात. बांध फोडला म्हणाली. तळं प्यायले म्हणाली!"

"थांब रे," आजी म्हणाल्या. "टिटवीबाई, यातलं तू काय काय बोललीस?"

टिटवी म्हणाली, "पहिल्या तीन गोष्टी, आजी. पुढच्या दोन माझ्या नाहीत. बांध पाझरतो नि राखणदार तिथलं गवत खातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण 'मुद्दाम' हे मी रागात बोलले. त्यांच्या मनातलं मला कसं दिसणार? तेवढं मी परत घेते. राखणदारदादा, तेवढ्यापुरती मला क्षमा करा. पहिल्या दोन गोष्टी मात्र परत घेणार नाही."

सांबराच्या बाजूचे चडफडले, "अगं, मोडता घातलास! चांगला सापडला होता!" कोल्ह्यानं तर टुणकन उडीच मारली. "बघा, कबूल झाली! एक खोटं, म्हणजे सगळंच खोटं!"

"सुपात एक खडा निघाला म्हणून कुणी तांदूळ उकिरड्यावर ओतत नाही, कोल्होबा," आजी म्हणाल्या. "आणि त्या शेवटच्या दोन गोष्टी कुणाच्या? पोपटांनो?"

सगळे पोपट एकदम आपापली पिसं साफ करू लागले.

"बरं," आजी म्हणाल्या. "मग जुनी रीत लावू. ज्या जागेबद्दल बोललं गेलं, त्या जागी दोघांनी बसायचं. झाडांच्या सावल्या पलीकडच्या वारुळाला टेकेपर्यंत. जो आधी उठेल किंवा ओरडेल, तो हरला. राखणदारांनी ओलीवर बसावं. टिटवीनं खाली आपल्या अंड्यांवर बसावं. बांध धड असला तर दोघांनाही भ्यायचं कारण नाही."

डुक्कर चुळबुळलं. "मला कामं आहेत आजी. शिवाय ओलाव्यानं माझं पोट दुखतं."

दिवसभर चिखलात लोळणाऱ्याचं हे बोलणं ऐकून माकडं खो खो हसली. पण खरी पंचाईत त्याच्याच माणसांनी केली. "बसा दादा, बसा!" ते ओरडले. "दाखवून द्या त्या टिटवीला! दादांचा विजय असो!" त्यांनी त्याला ढकलतच पायथ्याशी नेलं आणि ते स्वतः बांधावर रांगेनं उभे राहिले. आता माघार कुठली? डुक्कर ओलीवर बसलं.

टिटवी अंड्यांवर बसली. वर सगळं रान, खाली हे दोघं. ऊन कलू लागलं. टिटवीला आधी बारीकशी झुळझुळ ऐकू आली, मग डुकराच्या मागच्या पायाशी बोटभर पाण्याची धार दिसली. पाणी स्वच्छ होतं. डुकरालाही ते गार गार लागलं असणार, पण बांधावरून जयजयकार चालला होता, आणि जयजयकार चालू असताना कोण उठतो! ते ताठ मानेनं समोर पाहत राहिलं.

सावली अर्ध्यावर आली आणि पाणी गढूळ झालं. टिटवीनं ओळखलं. गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या पोटातली माती निघाली! धारेचा ओहोळ झाला आणि खड्यांमधून वाट काढत तिच्याकडे येऊ लागला. पंधरा पावलं. दहा पावलं. अंडी चोचीत धरून नेता येत नाहीत. ओरडावं, तर दावा हरला, तळं सुटलं, पिल्लं उघडी पडली. न ओरडावं, तर बांधावर उभा असलेला तो सगळा गोतावळा? त्यात सशाची तान्ही पिल्लं होती, तिला "अपशकुनी" म्हणणारे होते, तिचा नवराही होता.

टिटवीनं ओरडायचं ठरवलं. तिनं मान उंच केली, चोच उघडली...

तेवढ्यात डुकराखालची माती भसकन खचली आणि त्याच्या पोटावर पाण्याचा लोट आदळला. ते किंचाळून उठलं, "बांध फुटतोय! पळा रे पळा! बांध फुटतोय!"

त्याचा आवाज कड्यावर आपटला आणि रानभर घुमला. ज्या बोलण्यासाठी त्यानं टिटवीवर दावा लावला होता, ते आता त्याच्याच तोंडून, तिच्या दसपट मोठ्यानं, सगळ्यांनी ऐकलं. जयजयकार जागच्या जागी गोठला. डुक्कर वाट फुटेल तिकडे धावत सुटलं.

टिटवी झेपावली ती थेट त्याच्यासमोर. "दादा, पळू नका! तुमच्याएवढं अंग या रानात कुणाचं नाही. त्या भगदाडापाशी आडवे व्हा, आम्ही माती आणतो!"

डुक्कर थबकलं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या चार खड्यांकडे. मग ते मागे वळलं आणि धाडकन भगदाडात आडवं झालं. पाण्यानं त्याला गदागदा हलवलं, पण ते हललं नाही. "माती टाका रे!" ते ओरडलं. सांबरानं शिंगांनी ढेकळं लोटली, माकडांनी दगड आणले, डुकरांचा कळप नि सांबरांचा कळप खांद्याला खांदा लावून चिखल सारू लागले. त्या धांदलीत कोण कुणाच्या बाजूचा, हे कुणाला आठवलंच नाही. पोपटसुद्धा, तोंड बंद ठेवून, काड्या आणत होते. सावली वारुळाला टेकली तेव्हा धार थांबली होती. ओहोळ अंड्यांपासून एक वीतभर अलीकडे मुरला होता.

घोरपडआजींनी तिथंच, चिखलातच, निवाडा दिला. "दावा फेटाळला. पण टिटवीबाई, त्या एका शब्दासाठी तू तीन संध्याकाळी कातळावर क्षमा मागायची. पोपटांनो, यापुढे कुणाचं ऐकलंत त्याचं नाव आधी सांगायचं, मग बोलायचं. नागरमोथा ज्यानं उकरला, त्यानंच तो परत लावायचा."

"लावतो," डुक्कर खाली मान घालून म्हणालं.

पाचव्या दिवशी चारही अंडी फुटली आणि लांब लांब पायांची चार पिल्लं खडीवर धडपडत धावू लागली. त्याआधी तिन्ही संध्याकाळी टिटवी कातळावर गेली आणि तिनं मोकळेपणानं क्षमा मागितली. तिसऱ्या संध्याकाळी ती बोलून खाली उतरणार, तोच मागच्या रांगेतून डुक्कर उठलं. त्याच्या नाकाला ओली माती लागलेली होती. सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "टिटवीताई, आज बांध कसा दिसला?"

"उजव्या अंगाला एक बारीकशी भेग आहे, दादा."

"बघून येतो," डुक्कर म्हणालं, आणि सभा अर्धी टाकून बांधाकडे निघालं.

तात्पर्य : खरं सांगणाऱ्याचं तोंड दाव्यानं बंद करून अब्रू राखता येत नाही, ती आपल्या कामानंच राखावी लागते, आणि खरं बोलणाऱ्यानंही त्यात रागाचा एकसुद्धा शब्द मिसळू देऊ नये, मिसळलाच तर तेवढा निवडून काढावा आणि उरलेल्या खऱ्यावर ठाम उभं राहावं.