राजाला बोल लावणारे

एकदा एक राजा परक्या फौजेच्या खांद्यावर बसून आपल्या गादीवर परतला. सावत्र भावाने त्याला हाकलले होते. शेजारच्या बादशहाने फौज देऊन पुन्हा आणून बसवले. भाऊ डोंगरापलीकडे पळाला. फौज मात्र गेली नाही. मदतीला आलेला पाहुणा अंगणात पंचा वाळत घालू लागला की ओळखावे, मुक्काम लांबला! तळ्याकाठी छावणी पडली, वेशीच्या किल्ल्या सेनापतीच्या कमरेला लागल्या. माणूस मोठा अदबशीर. रोज येऊन म्हणायचा, "महाराज, आपण निश्चिंत असावं."

त्या निश्चिंतीनेच राजा वाळत चालला. पूर्वी तो सकाळी सज्जात बसला की खाली बाजार भरल्यासारखा गलका व्हायचा. कुंभार मातीसाठी भांडायचे, कोष्टी जकातीवरून हुज्जत घालायचे, एखादा गुराखी गायरानावरून राजाच्या वाडवडिलांचाही उद्धार करायचा. तेव्हा राजाच्या कपाळाला आठ्या पडत. आता गाऱ्हाणी परस्पर छावणीत जात होती आणि सज्जाखाली कबुतरे दाणे टिपत होती. त्या गलक्यासाठी राजाचा जीव तुटायचा. पण सांगणार कुणाला?

एका सकाळी त्याचे वृद्ध गुरुजी काठी टेकीत आले. आशीर्वाद देतील म्हणून राजा उठून उभा राहिला. तर गुरुजी खालूनच कडाडले, "अरे ए नादाना! गावाच्या पिण्याच्या तळ्यात फौजेचे घोडे डुंबताहेत, आणि तू इथं विडा चघळतोस? जनाची नाही, मनाची तरी?"

फौजेचे पहारेकरी धावले. राजाचा अपमान झाला म्हणून म्हाताऱ्याच्या मुसक्या बांधून त्याला छावणीत नेले. राजा अनवाणीच मागे धावला.

"सोडा त्यांना. माझे गुरू आहेत ते."

"आपल्याच मानासाठी धरलंय, महाराज," सेनापती हसून म्हणाला.

"माझा मान मी बघेन. आणि उद्यापासून घोडे नदीवर न्या."

"नदी लांब पडते." सेनापतीने आवाज आणखी मऊ केला. "शिवाय आम्हीच उठून गेलो, तर आपले बंधू काही फार लांब नाहीत."

 तरी राजा जागचा हलला नाही. अखेर कंटाळून सेनापतीने म्हाताऱ्याला सोडले. घोड्यांविषयी अवाक्षर काढले नाही.

वाटेत राजा म्हणाला, "गुरुजी, चारचौघांत एवढं बोललात! एकांतात सांगायचंत."

"एकांतात सांगितलं असतं, तर तू एकांतातच हळहळला असतास. बाळ, एखाद्या दुकानदाराला विचार. मापावरून भांडतं ते गिऱ्हाईक आपलं. मुकाट निघून जातं ते समोरच्या दुकानात गेलेलं असतं. फौजेनं तुझी गादी राखली, हे खरंच. पण लोक रागावून ज्याच्या दारात जातात, तो त्यांचा राजा. तू सज्जात वाट बघत बसलास. लोक म्हणाले, याच्या हातात काही नाही, कशाला घसा कोरडा करा? आज मी रागावलो, तेव्हा तू निदान खाली तरी उतरलास."

दुसऱ्या दिवशी पहाटे राजा एकटाच तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. घोडे आले. ते आणणारे मोतद्दार गोंधळले. राजाच्या अंगावर घोडे घालण्याचा हुकूम काही त्यांना नव्हता. एक जण सेनापतीला विचारायला छावणीकडे पळाला. तो कोणता हुकूम घेऊन येईल, भाऊ कधी डोंगर उतरेल, राजाला ठाऊक नव्हते.

तेवढ्यात पाण्याला आलेली एक बाई त्याच्यासमोर घागर आदळून म्हणाली, "आत्ता जाग आली होय महाराज? लेकरं गढूळ पाणी पिऊन आजारली माझी! सरका बाजूला, घागर बुडवू द्या."

राजा सरकला. त्याचे डोळे भरून आले.

"बोला बाई," तो म्हणाला, "अजून बोला."