मोठा स्क्रीन

“मुलींचं काय एवढं घेऊन बसलात, अण्णा? त्यांना कुठं कळणार आहे?”

हे बोलणं केतकीसाठी नव्हतं. ती बाजूच्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. ती त्या घरात नुकतीच लग्न होऊन आली होती आणि फारशी बोलत नसे. जी बोलत नाही तिला ऐकूही येत नाही, असा घरातल्यांचा समज होता.

ते घर एका तालुक्याच्या गावातल्या अण्णा हिंगमिऱ्यांचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं. पुढच्या खोलीत त्यांचं वधूवर सूचक केंद्र होतं. केतकीचं नावही तिथंच नोंदवलेलं होतं. ते स्थळ अण्णांनी बाहेर कुणाला दाखवलंच नाही. आपल्या मुलासाठी ठेवून घेतलं.

केंद्रातला संगणक म्हातारा झाला होता. मुलीचा फोटो कपाळापासून उघडायला लागायचा. हनुवटी दिसेपर्यंत मुलाकडच्यांचा चहा संपलेला असायचा. नवा घेणं परवडेना. नंदू सलगरच्या दुकानात एक रिफर्बिश्ड होता, म्हणजे कुठल्याशा कंपनीनं वापरून सोडलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला. नंदू घरी आला तेव्हा अण्णांनी त्या संगणकाची चौकशी केली ती एखाद्या स्थळाची करावी तशी. कुठं होता? कुणी वापरला? का सोडला? आत काय काय बदललंय? वॉरंटी लेखी देणार ना? नंदूला घाम फुटला.

मग नंदूची पाळी आली.

“जुना मला बदल्यात द्या,” तो म्हणाला. “फक्त आतली हार्ड डिस्क पुसू नका. माझा मेव्हणा सोलापुरात केंद्र काढतोय. त्याला आयती स्थळं मिळतील. त्याबद्दल तुम्हाला मोठा स्क्रीन, माझ्याकडून भेट.”

अण्णा जरा अडखळले. “अरे, मुलींचे फोन नंबर आहेत त्यात.”

तेव्हा नंदू ते ‘त्यांना कुठं कळणार आहे?’ बोलला. आणि चौकशीत एवढे पक्के असलेले अण्णा म्हणाले, “बरं. पण स्क्रीनवर ओरखडा नको हं.”

केतकीच्या हातातली घडी विसकटली. जुन्यातली माहिती नव्यावर चढवायचं काम तिच्याकडंच येणार होतं. केंद्राचं टायपिंग तीच करायची, त्यामुळं आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. एकीनं मोडलेल्या पहिल्या लग्नाबद्दल लिहिलं होतं. एकीनं पाठीवरच्या कोडाबद्दल. एकीच्या आईनं तर बजावून ठेवलं होतं, ‘हे फक्त अण्णांना माहीत असावं.’

तिनं आधी नवऱ्याला सांगून पाहिलं. शिवानंद मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “तुझं तर झालं ना लग्न? मग तुझं काय जातंय?”

केतकीनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. केंद्रातल्या त्याच्या माहितीत ‘स्वभाव समंजस’ असं लिहिलेलं होतं.

संगणक बसवायचा दिवस आला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मोठ्या स्क्रीनवर जाणाऱ्या-येणाऱ्यांची नजर ठरेना. केतकीनं सगळी माहिती नव्यावर चढवून दिली. नंदूनं जुना संगणक उचलायला हात घातला, तर केतकी स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढं आली. तिनं त्याचं झाकण उघडलं, डिस्क सोडवली आणि हातात घेतली.

“अहो वहिनी! काय करताय?”

“ही घरातच राहील, नंदूभाऊ. रिकामा डबा न्या.”

नंदूनं अण्णांकडं बघितलं. “अण्णा, आपलं ठरलंय ना? नाहीतर स्क्रीन परत न्यावा लागेल मला.”

“केतकी, आत जा बघू,” सासूबाई घाईनं म्हणाल्या. “पेढे काढायचेत ताटात.”

शिवानंदला अचानक घड्याळात बघावंसं वाटलं.

केतकी आत गेली नाही. तिनं मोठ्या स्क्रीनची वायर काढली, त्याच्यावरचा हार उतरवून टेबलावर ठेवला आणि स्क्रीन नंदूच्या हातात दिला. त्याच्या जागी जुना, छोटा स्क्रीन जोडला. नंदू चपला घालू लागला.

अण्णांचा चेहरा लाल झाला. “मला विचारलंस का एका शब्दानं?”

केतकीचा आवाज पहिल्यांदाच पुढच्या खोलीत सगळ्यांना नीट ऐकू आला.

“तुम्ही त्या मुलींना विचारलंत का, अण्णा? लग्न जमावं म्हणून त्यांनी माहिती दिली होती. तुमचा स्क्रीन मोठा व्हावा म्हणून नाही.”

तात्पर्य: विश्वासानं सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या मालकीची होत नाही. ती त्यानं सांभाळायची असते. कुणाला परस्पर देऊन टाकायची नसते, मग बदल्यात काहीही मिळो.