सुईणीपासून चोरलेल्या दोन महिन्यांची कहाणी

ऐका जिवतीआई, तुमची कहाणी. बायांनो, हातांत अक्षता धरा. एक आटपाट नगर होतं, पण सातां समुद्रांपलीकडलं. तिथं वैजयंती नांवाची गरोदर बाई नवऱ्यासंगें नवी राहायला गेली. सासर लांब, माहेर लांब. हॉस्पिटल नको, घरींच बाळंत होईन, असं तिनं मनाशीं घेतलं. मग तिथली सुईण ठरवली. ब्रिजेट तिचं नांव.

आईनं फोनवर बजावलं, "परक्या बाईला खरे दिवस सांगूं नकोस, दृष्ट लागते. दोन महिने कमीच सांग." लेकीनं तोच वसा घेतला. खऱ्या दिवसांचे तपासणीचे कागद तांदळाच्या डब्यांत दडवले.

मग ब्रिजेट आली. पोटावर मापाची फीत धरली. "कितवा?" होता सातवा, सांगितला पांचवा. ब्रिजेटनं वहींत कांहीं लिहिलं. वैजयंतीला संशय आला, ही लिहिते तरी काय? मग ब्रिजेट पुन्हा आली. "कितवा?" होता आठवा, सांगितला सहावा. ब्रिजेटनं फीत दोनदां धरली. हिला वाटलं, बाई नजर लावते. मग तिसऱ्यांदा आली. होता नववा, सांगितला सातवा. "अडलंच तर न्यायला गाडी आहे ना?" हिला वाटलं, मेली अभद्रच बोलते.

मग एके सकाळीं कळा सुरू झाल्या. ब्रिजेट धांवत आली, पण पिशवी उघडीना. "सातव्यांतलं मूल मी घरीं घेणार नाहीं. हॉस्पिटलात चल."

"नववा भरलाय हो."

"काल सातवा, आज नववा. खरं कुठलं धरूं?"

वैजयंतीला भारी भय वाटलं. तिनं फ्रिजवरच्या जिवतीच्या कागदाला हात जोडले. मग नवऱ्याला म्हणाली, "तांदळाचा डबा ओता."

कागद निघाले. ब्रिजेटनं वाचले, वहीशीं ताडून पाहिले, मग म्हणाली, "माझी फीत दर खेपेला दोन महिने जास्त सांगे. मूल मोठं, कीं जुळं, कीं पाणी फार, कीं तूं खोटी? तुला एकच संशय होता बाई, मीं चार वाहिले."

मग तिनं पिशवी उघडली. दुपारीं घरांतच मुलगी झाली, सुखरूप झाली.

पांचवीला ब्रिजेट बाळाला बघायला आली. पाटावर कोरा कागद आणि लेखणी दिसली. "हें कशाला?"

"सटवाई येते, बाळाचं नशीब लिहिते."

ब्रिजेट म्हणाली, "तिला तरी दिवस खरे सांग."

जिवतीआई, जशी तिला पावलीस, तशी इथल्या लेकीसुनांना पाव, आणि दिवस मोजणारीशीं खरं बोलायची बुद्धी दे. साठां उत्तरांचं पांचांत सांगितलं, ऐकलं तिचं सुफळ झालं.