आटवलेली खीर

एकदा एका वृद्ध वैद्यांना त्यांच्या शिष्याने सकाळीच एक बातमी मोठ्या अभिमानाने सांगितली, आणि ती ऐकून वैद्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

बातमी अशी होती. आदल्या दिवशी गुरुजी परगावी गेले असताना डोंगरापलीकडच्या वाडीतून मुकिंदा खवेवाला धापा टाकत आला होता. त्याच्या सात महिन्यांच्या लेकराला पाच दिवस शी झाली नव्हती. आपण मोठी माणसे हा शब्द चारचौघांत उच्चारायला लाजतो. पण ज्या घरात तान्हे बाळ असते त्या घराचा दिवस याच चौकशीने सुरू होतो आणि उत्तर मनासारखे आले नाही तर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. मुकिंदाचे तसेच झाले होते. बाळ कुंथत होते, लालबुंद होऊन रडत होते. पाच दिवसांपूर्वी झाली तीही बकरीच्या लेंडीसारखी, कोरडी. काहीतरी द्या, एवढेच तो म्हणत होता.

शिष्याने दिले. एरंडेलाची बाटली दिली आणि सांगितले की उद्या सकाळी बाळाला न्हाऊ घातले की मोठा चमचाभर पाजा; तेवढ्याने काम नाही झाले तर विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी लावा. मुकिंदा पाया पडून गेला. गुरूच्या गैरहजेरीत आपण एकट्याने रोगी पाहिला या आनंदात शिष्याला रात्री छान झोप लागली.

खरे म्हणजे त्याने रोगी पाहिलाच नव्हता. वैद्यांनी तेच विचारले. पोट मऊ होते की टणक? उलटी झाली का? बाळ दूध ओढते का? दिवसाकाठी लंगोट किती वेळा ओला होतो? आणि त्याच्या पोटात जाते काय? पाचही प्रश्नांना शिष्याकडे 'विचारले नाही' हे एकच उत्तर होते, आणि ते देताना त्याची मान खाली गेली.

"मोठा चमचा म्हणालास?" वैद्यांनी विचारले.

"हो."

"सात महिन्यांच्या बाळाला."

वैद्यांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि ते निघालेसुद्धा.

वाडी पायवाटेने दीड तासावर होती. शिष्याला तो रस्ता आयुष्यभर लक्षात राहिला. म्हातारे गुरू पुढे झपाझप चालत होते आणि तो मागून हिशेब करत होता: आता उन्हं अंगणात आली असतील, आता चुलीवर पाणी चढले असेल, आता बाळाला पायांवर घेतले असेल. काल ज्या हाताने बाटली दिली तो हात त्याला नकोसा झाला. तान्ह्या जिवाला जुलाब लागले की अंगातले पाणी किती झपाट्याने जाते, हे तो स्वतः पाठ म्हणून दाखवत असे. पाठ म्हणताना मात्र त्यात कुणाचे बाळ नसते. खिंडीत त्याने न राहवून विचारले की दिले असेल का हो त्यांनी? गुरुजींनी मागे वळून पाहिले नाही. मला कसे कळणार, चाल, एवढेच ते म्हणाले.

मुकिंदाचे घर लांबूनच ओळखू येत असे, कारण अंगणातल्या भट्टीचा धूर आणि आटणाऱ्या दुधाचा वास. तीन पिढ्या या घराने म्हशीचे दूध आटवून खवा केला. पातळ हा शब्दच या घरात शिवीसारखा. ज्याचा खवा बोटाला ओला लागला त्याची बाजारात नाचक्की, हे मुकिंदा आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकत आला होता.

अंगणात पाय टाकताच शिष्याची नजर बाळावर गेली. न्हाऊन, काजळतीट लावून ते आपल्या आईच्या, सुंद्राच्या मांडीवर पालथे होते. आई रडत होती. शेजारी मुकिंदा उकिडवा बसला होता. त्याच्या एका हातात विड्याच्या पानाचा ताजा देठ आणि दुसऱ्या हातात तेलाची वाटी.

वैद्यांनी दारातूनच विचारले, "बाटलीतलं पाजलं का?"

नाही म्हणून मुकिंदाने मान हलवली. बायको पाजूच देत नाही, बाटलीला हात लावला की रडायला लागते, म्हणून मग हा देठाचा उपाय करायला बसलो, असे तो वैतागून सांगू लागला. शिष्य तिथेच ओट्याला टेकला. त्याला वाटले, आता गुरुजी मुकिंदाच्या हातातून तो देठ काढून घेतील.

वैद्यांनी तसे काही केले नाही. ते माय-लेकराच्या बाजूने सरळ पुढे गेले ते भट्टीपाशी. तिथे पहाटेचा घाणा उतरवून ठेवलेली मोठी कढई होती. तळाशी दुधाची खरवड घट्ट बसलेली. वैद्यांनी शेजारचे लोखंडी उलथने उचलले आणि दोन्ही हातांनी ती खरवड टोकरायला सुरुवात केली. काय तो आवाज! दातांवर दात घासावेत तसा. शिष्य पाहतच राहिला. चालून चालून गुरुजींना ऊन बाधले की काय, अशी शंका त्याला आली.

मुकिंदाने मात्र देठ टाकला, वाटी ठेवली आणि धावत जाऊन वैद्यांचे मनगट धरले.

"बाबा, काय करताव हे? चरे पडतील माझ्या कढईला!"

"अरे, पण बसलंय ना घट्ट. काढायला नको?"

"असं काढत असतेत का? कोमट पानी घालावं, झाकून ठेवावं, वाट बघावी. आपसूक सुटतंय. अन् सुटत न्हाई म्हणजे आच जास्त झाली, दूध जास्त आटलं. ते आधी बघावं लागतंय."

वैद्यांनी उलथने खाली ठेवले. "मग लेकरू कढईपेक्षा स्वस्त आहे का रे?" ते म्हणाले.

मुकिंदाने वैद्यांचे मनगट सोडले. त्याने अंगणात पडलेल्या देठाकडे पाहिले आणि मग कुणाच्याच डोळ्याला डोळा दिला नाही.

मग वैद्य हात धुऊन, हातावर हात चोळून ऊब आणून बाळापाशी बसले. पोट पाहिले, किंचित भरलेले पण मऊ होते. ताप नव्हता, उलटी नव्हती, रक्ताचा ठिपका कधी दिसला नव्हता, दूध ओढत होते. शिष्याच्या जिवात जीव आला. मग त्यांनी बाळाची सकाळची वाटी मागवली. सुंद्राने आणली. तांदळाची खीर होती, तीही घरच्या रिवाजाने आटवलेली आणि वर खवा कुस्करून घातलेली. वैद्यांनी तिच्यात चमचा उभा केला आणि हात काढून घेतला. चमचा उभाच राहिला.

उष्टावण झाल्यापासून महिनाभर बाळाला दोन वेळा हेच मिळत होते. आणि पाणी? पाणी देत नाही, असे सुंद्रा हळूच म्हणाली. खिरीने पोट भरते म्हणून अंगावरचे पाजणेही दोनदाच केले होते. अंगणातल्या दोरीवर सकाळपासूनचे दोनच लंगोट वाळत होते. वैद्यांनी ते आल्या आल्या मोजले होते. शिष्याने आत्ता पाहिले.

"पाणी का नाही देत, माय?" वैद्यांनी विचारले.

सुंद्राने बाळाला छातीशी घेतले. मग जे म्हणाली ते तिने आदल्या दिवशीही सांगितले असते, पण तिला विचारायला कुणी आलेच नव्हते.

"याच्या आधीचा माझा हगवणीनं गेला, बाबा. नऊ महिन्याचा हुता. पान्यावानी जायाचं. तीन दिवस नुसते लंगोट धुतले मी. तवापासून पातळ काही दिसलं की छातीत धस्स होतंय. म्हटलं, ह्याला घट्टच घालावं. पोटात काही थांबलं पाहिजे. अन् काल ह्यांनी सांगितलं, बाटलीनं जुलाब होतील. मग माझा हातच होईना."

मुकिंदा भट्टीकडे तोंड करून उभा होता. एरंडेलाची बाटली ओट्याच्या कडेला तशीच होती, बुचाला सील लावल्यासारखी. शिष्याने ती उचलून आपल्या पिशवीत टाकली.

त्यानंतर वैद्य तिच्याशी पुष्कळ वेळ बोलले, आणि प्रत्येक गोष्ट तिच्या भीतीला विचारून बोलले. तिला पाण्याची भीती होती, म्हणून पाणी खळखळ उकळून, झाकून गार करायचे आणि खाणे झाल्यावर दोन-चार चमचे द्यायचे, असे त्यांनी तिच्यासमोर करून दाखवले. खवा बंद. भात मऊ, सैल, मुगाच्या वरणात कालवलेला. चमच्यावरून सावकाश ओघळला पाहिजे. उकडलेला लाल भोपळा कुस्करून, पिकलेल्या पपईची फोड. चार काळ्या मनुका उकळलेल्या पाण्यात भिजवायच्या, चोळून गाळायच्या आणि ते पाणी चमच्याने पाजायचे. मध चाटवायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तो मुळीच नको. अंगावरचे दूध मागेल तेव्हा, आधीसारखेच. मग त्यांनी बाळाला उताणे ठेवले, कोमट तेलाच्या बोटांनी बेंबीभोवती उजवीकडून डावीकडे हलके गोल फिरवले आणि त्याचे इवले पाय धरून सायकल चालवल्यासारखे हलवले. बाळ पाच दिवसांत पहिल्यांदा हसले असावे, कारण ते पाहून सुंद्रा पुन्हा रडली.

उठताना मात्र वैद्यांचा आवाज कडक झाला. पोट फुगून टणक झाले, हिरवी उलटी झाली, रक्त दिसले, ताप आला, दूध ओढेनासे झाले किंवा दोन-तीन दिवसांत मोकळे झालेच नाही, तर माझी वाट बघत बसू नका, थेट तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांकडे न्या. हे त्यांनी मुकिंदाकडून दोनदा म्हणवून घेतले.

परतीच्या वाटेवर खिंडीत शिष्याने विचारले, देठ हातातून काढून घेतला असता तर चालले नसते का? कढई कशाला खरवडायची?

वैद्य एका दगडावर टेकले. "काढून घेतला असता तर त्यानं माझं ऐकलं असतं, आणि मी डोंगर उतरलो की पुन्हा देठ खुडला असता. आता तो स्वतःचंच बोलणं ऐकेल. अडलेलं कसं सोडवायचं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं रे. घाबरला होता म्हणून आठवत नव्हतं." मग ते म्हणाले, "घाबरलेला माणूस दोनच गोष्टी करतो. घट्ट धरून ठेवतो, नाहीतर जोर लावतो. तिनं धरून ठेवलं, त्यानं जोर लावला. आणि तू काल काय केलंस?"

"मीही घाबरलोच होतो," शिष्य म्हणाला. "काही दिलं नाही तर लोक काय म्हणतील म्हणून."

"मग त्या वाटीत नुसती खीर नव्हती, भीतीही होती, हे तुला कळलं म्हणायचं. तिच्या भीतीला मात्र नावं ठेवू नकोस. तिच्या भीतीनं बाळाचं पोट अडलं खरं, पण तुझी बाटलीही तिच्याच भीतीनं अडवली."

पुढचे दोन दिवस वाडीतून निरोप आला नाही. निरोप नाही म्हणजे चांगले की वाईट, हे शिष्याला ठरवता येईना. तो काढे उकळायला ठेवायचा आणि विसरायचा. दारात पाऊल वाजले की उठायचा. गुरुजींचाही डोळा डोंगराकडे होता, हे त्याने पाहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी वैद्य म्हणाले, जा, आणि या वेळी रोगी बघून ये.

तो पळतच गेला. अंगणाच्या कुडापाशी पोचला आणि थबकला. दोरीवर लंगोट होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जागा पुरली नाही म्हणून काही कुडावरसुद्धा. मुकिंदाची कढई कोमट पाण्याने भरून झाकून ठेवलेली होती, आणि बाळ बाजेवर पाय नाचवत पडले होते. दगडावर बसून सुंद्रा आणखी एक लंगोट चोळत होती. शिष्याला पाहून तिने ओल्या हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. पहाटे झाली, मऊ झाली, बाळ रडलेसुद्धा नाही, असे तिने सांगितले. मग हातातल्या लंगोटाकडे बघत म्हणाली,

"त्या आधीच्या लेकराच्या वक्ताला असेच धूत हुते अन् रडत हुते. आज धुताना हसू येतंय. येऊ द्यावं ना हो?"

शिष्य तिच्याशेजारी बसला आणि बादलीतला एक लंगोट पिळून त्याने दोरीवर टाकला. गुरुजींना काय सांगायचे याचा विचार तो परतताना वाटभर करत होता. शेवटी त्याने दारातूनच एवढे सांगितले की दोरी भरली आहे. वैद्यांनी मान हलवली आणि त्या दिवशीचा चहा ते शेवटच्या घोटापर्यंत प्याले.

आपल्याही घरात कुणाच्या वाटीत काही जास्तच घट्ट दिसले, तर बोल लावण्याआधी ती वाटी भरणाऱ्या हातापाशी थोडा वेळ बसावे.